रत्तल, लिटर आणि मोल

लिटर हा मुळात वजनाचा शब्द आहे, एवढे मनाशी धरून रसायनशास्त्रातले एक साधे गणित पाहावे. अमुक मोल पदार्थ हवा आहे, पदार्थ द्रवरूप आहे, तराजू हाताशी नाही पण मोजपात्र आहे. तर किती मिलिलिटर ओतायचे? मोलला रेणुभाराने गुणले की ग्रॅम येतात, ग्रॅमला घनतेने भागले की मिलिलिटर. पाण्याचा एक मोल १८ ग्रॅमचा, म्हणून १८ मिलिलिटर. अल्कोहोलचा ४६ ग्रॅमचा. पण त्याची घनता ०.७८९, म्हणून ते ५८ मिलिलिटर भरते. पाऱ्याचा मोल २०० ग्रॅमहून जड, आणि तरी १५ मिलिलिटरांच्या आत मावतो. गणित इतकेच. पण त्यातले शब्द एकेक करून उलटून पाहिले की असे दिसते, की तोलाचे माप करण्याचा हा उद्योग भाषा फार पूर्वीपासून आपल्या आपण करीत आली आहे, आणि तोही घनतेची फारशी फिकीर न बाळगता.

सिसिलीतल्या ग्रीकांकडे 'लित्रा' नावाचे एक वजन होते आणि त्याच नावाचे चांदीचे नाणेही. लॅटिन 'लिब्रा' हा त्याचा भाऊबंद दिसतो. दोन्ही रूपे इटलीतल्या कुठल्या तरी जुन्या बोलीतल्या 'लीथ्रा'सारख्या एकाच शब्दापासून निघाली असावीत, असा भाषापंडितांचा तर्क आहे. लिब्रा म्हणजे तराजू, आणि तराजूत घालायचे पौंडाचे वजनही. पौंडासाठी आपण रोमन लिपीत 'एल-बी' का लिहितो याचे उत्तर इथेच आहे. ब्रिटिश चलनाच्या चिन्हातला वळणदार 'एल' हाच, इटलीचा लिरा हाच, फ्रान्सचा जुना लिव्र हाच. आकाशातली तूळ रास पाश्चात्त्यांकडे लिब्राच. रसायनात ज्याला एक्विलिब्रियम म्हणतात तोही 'सम' अधिक 'लिब्रा'. आणि मराठीत त्याला समतोल म्हणतात, तेव्हा घडण अगदी एकास एक जुळते. संस्कृतातल्या तुल् धातूपासून तुला, तोल, तोळा आणि समतोल निघाले. तिकडे लिब्राने तितकीच प्रजा वाढवली.

ग्रीक लित्रा मध्ययुगीन लॅटिनमार्गे फ्रेंचमध्ये शिरला आणि त्याला प्रत्यय लागून 'लित्राँ' झाला. इथे त्याने जात बदलली. लित्राँ हे वजन राहिले नाही. धान्य, मीठ असले जिन्नस भरून मोजण्याचे ते भांडे झाले, आजच्या हिशेबाने सुमारे ०.८ लिटरचे. पुढे क्रांतीनंतर, १७९५ साली, दशमान मापांना नावे द्यायची वेळ आली तेव्हा फ्रेंचांनी या लित्राँचे शेपूट छाटून 'लित्र' केले आणि एक घन डेसिमीटर आकारमानाला ते नाव दिले. म्हणजे वजनाचे नाव आधी धान्याच्या मापाला लागले, मग द्रवाच्या.

आता दुसरी शाखा पाहू. तीच खरी मौजेची. ग्रीक लित्रा पूर्वेकडे आरामाईक भाषेत गेला आणि तिथून अरबीत आला तो 'रत्ल' होऊन: ल आणि र यांनी आपापसांत जागा बदलल्या. वर्णविपर्यय म्हणतात तो हा. जीभ दमली की ती अक्षरांची सरमिसळ सर्रास करते. अरबीतून हा शब्द फारसीत आला आणि आपल्याकडे 'रत्तल' म्हणून नांदू लागला. गुजरातीतही 'रतल' आहे. तेव्हा तो पश्चिम किनाऱ्यावरच्या अरबी-फारसी व्यापाराबरोबर सुरत-भडोचकडून खाली उतरला असावा, असे मला वाटते. पोर्तुगीजांनी हाच शब्द अरबी उपपदासकट उचलून 'अर्रातेल' केला, सुमारे ४५९ ग्रॅमचा, आणि स्पेन-पोर्तुगालात अरबांकडून घेतलेला तो शब्द त्यांच्याच गलबतांतून पुन्हा पूर्वेकडे आला. इंग्रजी अमदानीत आपल्याकडे रत्तल आणि पौंड एकाच अर्थी चालू लागले: सुमारे ३९ तोळे.

तेव्हा रत्तल आणि लिटर हे एकाच आजोबांचे नातू. एक अरबस्तानातून आला, एक पॅरिसहून. एक तागडीत बसला, दुसरा बाटलीत. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर दशमान पद्धती आली आणि लिटरने बस्तान बसवले, त्याच कायद्याने रत्तलाला घराबाहेर काढले. आपण कुणाला काढले हे लिटरला ठाऊक असायचे कारण नाही.

इतक्यावर हे प्रकरण संपते असेही नाही. फारसी काव्यात रत्ल हा शब्द मद्याच्या मोठ्या पेल्यासाठी येतो. 'रत्ल-ए-गिराँ' म्हणजे जड रत्ल, अर्थात भरगच्च चषक. कवींना वजन दिसत होते की पेला, हे त्यांचे त्यांना माहीत. पण पॅरिसच्या धान्यबाजारात जे झाले तेच शिराझच्या मदिरालयातही झालेले दिसते. आणि मुंबईच्या गुत्त्यातही झाले, त्याकडे पुढे वळायचेच आहे.

लिटरला स्वतःच्या पूर्वजन्माची ओढ एकदा लागली होती, ही नोंद इथेच करून ठेवतो. १९०१ साली आंतरराष्ट्रीय वजन-माप परिषदेने लिटरची व्याख्या बदलली: एक किलोग्रॅम शुद्ध पाणी सर्वांत दाट असताना जेवढी जागा व्यापते ती एक लिटर. म्हणजे पुन्हा वजनावरून माप. हा लिटर घन डेसिमीटरपेक्षा २८ घन मिलिमीटरने मोठा निघाला. थेंबभर म्हणावे एवढाच फरक, पण काटेकोर मोजमाप करणाऱ्यांना तो साठ वर्षे सलत राहिला. १९६४ साली ती व्याख्या रद्द झाली आणि लिटर पुन्हा निव्वळ जागेचे माप झाला.

आणखी एक गंमत, व्युत्पत्तीच्या नादी लागणाऱ्या सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगी. लिटरचे चिन्ह छोटा रोमन 'एल'. तो एक या अंकासारखा दिसतो म्हणून मोठा 'एल' वापरावा असे अनेकांना वाटत होते. पण मोठे अक्षर फक्त व्यक्तीच्या नावावरून पडलेल्या एककांनाच द्यायचा रिवाज. मग १९७८ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले केनेथ वूलनर यांनी शाळेतल्या रसायनशिक्षकांच्या एका पत्रिकेत 'क्लोद एमील झाँ-बाप्तिस्त लित्र' या अठराव्या शतकातल्या शास्त्रज्ञाचे चरित्र छापले. घराणे मद्याच्या बाटल्या करणारे, वगैरे. असा माणूस कधी झालाच नव्हता. सगळी थट्टा होती. पण ती खरी मानून पुढे सांगणारे निघाले. पुढच्याच वर्षी मोठ्या 'एल'ला रीतसर मान्यता मिळाली, बिचाऱ्या लित्र महाशयांच्या मदतीविना. आपल्याकडे गावांच्या नावांवरून ऋषी जन्माला घालण्याची कला जुनीच आहे. तेव्हा हसताना जरा बेताने.

मराठीकडे येऊ. फ्रेंचांना तोलाचा शब्द मापाला लावायला काही शतके लागली. मराठीने ते दोन्ही एकाच शब्दात कोंबून टाकले. शेर तागडीतही बसतो आणि मापातही. तागडीतला पक्का शेर ८० तोळ्यांचा, चाळीस शेरांचा मण. मापाचा शेर म्हणजे दोन मापटी किंवा चार चिपटी, आणि तसल्या चार शेरांची पायली. तांदळाचा शेर, दुधाचा शेर, तेलाचा शेर. कुठला तोलायचा आणि कुठला भरायचा हे गिऱ्हाइकाला आणि दुकानदाराला आपोआप कळत असे. फारसीत 'शीर' म्हणजे दूध (शिरखुर्म्यातला), 'शेर' म्हणजे सिंह, आणि अरबीतून आलेला 'शेर' म्हणजे कवितेच्या दोन ओळी; यांपैकी कुणाचाही आपल्या मापाशी संबंध दिसत नाही. संस्कृतात 'सेटक' असे रूप दाखवतात, पण तो शब्द शेराचा बाप की शेरावरून मागाहून पंडितांनी घडवलेला, याविषयी मला शंका आहे. लोकभाषेतल्या शब्दाला संस्कृत वेष देऊन श्लोकात बसवण्याची उदाहरणे थोडी नाहीत.

या शंकेला बळ देणारा एक पुरावा लीलावतीतच आहे. भास्कराचार्यांचा हा ग्रंथ ११५० चा. पण त्याच्या पोथ्यांत परिभाषेच्या ओघात एक श्लोक येतो, तो मागाहून कुणी तरी घातलेला असावा. त्यात सांगितले आहे की बहात्तर टंकांचा एक सेर, चाळीस सेरांचा एक मण, आणि धान्य वगैरे तोलताना वापरायची ही तुरुष्कांची संज्ञा आहे. म्हणजे तो श्लोक रचणाऱ्याच्या कानाला तरी 'सेर' परका वाटत होता. मण तर फार दूरचा प्रवासी: अरबी 'मन्न', ग्रीक 'म्ना', अक्कडी 'मनू' अशी त्याची साखळी बाबिलोनपर्यंत जाते. ऋग्वेदात सोन्याच्या 'मना'चा एक उल्लेख आहे, तोही याच गोतावळ्यातला असावा असे पुष्कळांचे मत आहे.

बहात्तर टंकांचा शेर हा आकडा लक्षात ठेवा. बहात्तरांचा आठवा हिस्सा नऊ. शेराचा आठवा हिस्सा, म्हणजे अर्धा पावशेर, त्याला मराठीत 'नवटाक' म्हणतात. नवटांक, नऊ टांक. हिशेब चोख जुळतो. आणि हे नवटाक आज कुणाला ठाऊक असलेच तर ते गुळाचे किंवा साखरेचे नव्हे. मुंबईच्या गुत्त्यात 'नवटाक मारणे' म्हणजे काय हे कोशात बघावे लागत नाही. 'पावशेर' घेणेही त्याच वाटेने गेले. टंक हे नाण्याचे आणि सोन्याचांदीचे वजन. त्यावरून टांकसाळ, त्यावरून बांगलादेशाचा टाका. त्या टंकाचे नऊ घेतले आणि ते पेल्यात ओतले! शिराझचा जड रत्ल आणि परळ-लालबागचे नवटाक यांत एका वजनदार परंपरेचे सातत्य दिसते.

छटाक मात्र या गणितात बसत नाही, आणि तेच मला आवडते. छटाक हा 'षट्टंक', सहा टंक, असावा असे सर्वसाधारण मत. पण छटाक म्हणजे शेराचा सोळावा हिस्सा, आणि बहात्तरांचा सोळावा हिस्सा साडेचार. सहा कुठून आले? छटाकाचे सहा टंक धरले तर शेरात शहाण्णव टंक होतात. वैद्यकातला टंक चार माशांचा, म्हणजे तोळ्याचे तीन. त्या हिशेबाने पाच तोळ्यांच्या छटाकात पंधरा येतात. तेव्हा तीन ठिकाणचे तीन टंक निरनिराळे असावेत, किंवा 'छ' हा सहाचा नसावाच. वाचकांनी यावर डोके चालवून पाहावे. माझा कल टंक निरनिराळे होते असे मानण्याकडे आहे, कारण नाण्यांचे वजन राजागणिक बदलते आणि शब्द तेवढा टिकतो.

तोलाचे माप करताना घनतेची फिकीर भाषेने केली नाही असे वर म्हटले. वैद्यांनी मात्र केली, निदान आपल्या परीने. शार्ङ्गधरसंहितेत मानपरिभाषा दिली आहे: चार कर्षांचा पल, चार पलांचा कुडव, चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण. पुढे एक विलक्षण नियम येतो. गुंजेपासून कुडवापर्यंतची माने कोरड्या, ओल्या आणि द्रव पदार्थांना सारखीच. पण प्रस्थापासून पुढे द्रव आणि ओला पदार्थ दुप्पट घ्यावा. म्हणजे काढ्यात एक प्रस्थ पाणी सांगितले असेल तर घ्यायचे दोन प्रस्थ. आणि याला अपवाद एकच: मान 'तुला' या शब्दाने सांगितले असेल तर दुप्पट करू नये. शंभर पलांची तुला ही तुलाच. अपवादात सगळे गुपित आहे असे मला वाटते. तुला हे नावच तागडीचे, तिथे गोंधळाला जागा नाही. प्रस्थ, आढक, द्रोण ही भांड्यांची नावे. भांडे भरून घेतलेला कोरडा पाला आणि भांडे भरून घेतलेले पाणी यांचे वजन सारखे असणार नाही, हे ज्याने हाताने काढा उकळला त्याला कळलेच असणार. तेव्हा 'द्विगुण' हा द्रव आणि कोरड्या औषधीच्या घनतेतला ढोबळ फरक नियमात बांधण्याचा प्रयत्न असावा.

याच ग्रंथात कुडवाचे भांडेही सांगितले आहे: माती, लाकूड, वेळू किंवा लोखंड वगैरेचे, चार अंगुळे रुंद आणि तितकेच उंच. अंगूळ पावणेदोन-दोन सेंटिमीटरचे धरून भांडे चौकोनी मानले तर साधारण चारशे मिलिलिटर भरते. आणि आजच्या प्रघातानुसार पल ४८ ग्रॅमचा धरला तर कुडव १९२ ग्रॅमचा. चारशे आणि १९२. दुपटीचा नियम इथूनच निघाला असे म्हणण्याचा मोह होतो. पण भांडे गोल धरले तर आकडा बराच खाली येतो, आणि अंगूळ कुणाचे हा प्रश्न उरतोच. शिवाय लीलावतीतला कुडव आणखी वेगळा. तिथे एक हात लांब-रुंद-उंच घनाला मगधदेशाची खारी म्हटले आहे आणि कुडव तिचा १०२४ वा भाग, म्हणजे साडेतेरा घन अंगुळे. वैद्यांचा कुडव चौसष्ट. कोकणात आणि गोव्यात भात मोजताना 'कुडव' आजही ऐकू येतो, पण तो खंडीत वीस बसणारा, एखाद्या वैद्याला घाबरवून सोडणारा. नाव तेच, पोट निराळे.

पलाचे पुढे काय झाले? वजनाचा पल काळाचा पळ झाला, साठ पळांची एक घटका, पळ म्हणजे २४ सेकंद. घटिकापात्रात शिरणाऱ्या पाण्याच्या पलांवरून हे झाले असावे: इतके पल पाणी आत येण्यास लागणारा वेळ तो तितके पळ. आणि स्वयंपाकघरातली, संध्येच्या पंचपात्रातली पळी? तीही पलापासून निघाली असावी. पलभर तेल-तूप मावणारी ती पळी. तसे असेल तर एकाच वजनाने मराठीत काळ, माप आणि भांडे अशी तीन रूपे घेतली.

आता ज्या वस्तूचे माप करायचे ती वस्तू, 'द्रव्य'. द्रव आणि द्रव्य हे शेजारी-शेजारी दिसतात, आणि दोन्ही 'द्रु', धावणे, वाहणे, या धातूपासून आले असे सहज वाटते. द्रवाबद्दल शंका नाही. द्रावण, द्रावक, द्राव्य हे त्याच्या परिवारातले. पण द्रव्याची व्युत्पत्ती पाणिनीने पाचव्या अध्यायात वेगळी लावलेली दिसते: तिथला 'द्रु' म्हणजे झाड, लाकूड. द्रव्य म्हणजे लाकडासारखे, ज्यातून काही घडवता येईल ते. हे विचित्र वाटेल, पण ग्रीकांनी 'हूले' म्हणजे रान, लाकूड या शब्दाला 'मूलद्रव्य' असा तात्त्विक अर्थ दिला, आणि लॅटिन 'मातेरिया' हाही आधी इमारती लाकूडच होता. इंग्रजी मॅटर त्यातून आला. तीन भाषांतल्या सुतारांनी तत्त्वज्ञांना शब्द पुरवले असे म्हणायला हरकत नाही. द्रोण हाही त्याच लाकडी 'द्रु'चा, मुळात खोदलेल्या लाकडाचे पात्र. आज तो पानांचा झाला.

आणि 'दारू'? संस्कृत 'दारु' म्हणजे लाकूड, देवदारातला. फारसी 'दार' म्हणजेही झाड. फारसी 'दारू' म्हणजे औषध. झाडपाल्याचे ते दारू असा संबंध असावा. मराठीत दवादारू या जोडशब्दात तो मूळ अर्थ अजून शाबूत आहे. मग औषधी चूर्णांवरून तोफेत ठासायच्या चूर्णाला दारू म्हणू लागले, दारूगोळा झाला. आणि दुसरीकडे औषधी अर्काचा मादक अर्क झाला. लाकूड, औषध, स्फोटक, मद्य: रसायनशास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम एका शब्दात. नवटाक मारणाऱ्याच्या पेल्यात तोलाचे माप होते आणि लाकडाचे द्रव.

वजन आणि आकारमान यांच्यामध्ये जी किल्ली बसते ती घनता. 'घन' हा 'हन्', मारणे, ठोकणे, या धातूचा. ठोकण्याचे हत्यार तो घण. ठोकून दाट झालेले ते घन. दाट ढग तो घन. आणि लांबी-रुंदी-उंची सारखी असलेला भरीव ठोकळाही घन. म्हणूनच मराठीत घनता, घनफळ आणि घनपदार्थ हे तिन्ही एकाच घणाच्या घावातून निघतात. घनतेने भागून घनफळ काढताना आपण शब्दाला त्याच्याच भावाने भागत असतो.

उरला मोल. मराठीतला मोल म्हणजे किंमत: संस्कृत मूल्य, प्राकृत मोल्ल, मराठी मोल. मूल म्हणजे भांडवल आणि त्यावरून मूल्य. पाणिनीच्या ज्या सूत्रात मूल्याची सिद्धी आहे त्याच सूत्रात 'तुल्य' हाही शब्द आहे, तागडीने सारखा ठरलेला तो तुल्य. किंमत आणि तोल यांची गाठ तिथेच मारलेली आहे. मोलकरीण, मोलमजुरी, कवडीमोल, मातीमोल, अनमोल. मराठीचा थोरला कोश करणाऱ्या मोल्सवर्थ साहेबांच्या नावात मोलही आहे आणि किंमत या अर्थाचा इंग्रजी 'वर्थ'ही. पण त्या गावनावातला वर्थ म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, तेव्हा हा योगायोग कानापुरताच.

रसायनातला मोल या मोलाचा कुणी नव्हे. लॅटिन 'मोलेस' म्हणजे मोठी रास, ढीग. सतराव्या शतकातल्या पंडितांनी त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लावून 'मोलेकुला', रासुली म्हणा हवे तर, असा शब्द केला, तोच मॉलिक्यूल. १८९० च्या दशकात लाइपझिगचे विल्हेल्म ओस्टवाल्ड यांना रेणुभाराइतक्या ग्रॅमांना एक सुटसुटीत नाव हवे होते. त्यांनी जर्मन 'मोलेक्यूल'चे शेपूट छाटून 'मोल' केले. फ्रेंचांनी लित्राँचे छाटले, जर्मनांनी मोलेक्यूलचे. पण प्रत्यय गेला तशी लघुताही गेली आणि शब्द पुन्हा ढिगाकडे परतला: एक रेणू नव्हे, तर हाताने उचलता येईल एवढी रास. गंमत अशी की ओस्टवाल्ड यांचा त्या काळी अणू-रेणूंच्या अस्तित्वावरच विश्वास नव्हता. मोल हे त्यांच्या लेखी निव्वळ वजन होते. झाँ पेरँ यांच्या प्रयोगांनंतर, १९०९ च्या सुमारास, त्यांनी आपले मत बदलले. त्याच साली पेरँ यांनी मोलमधल्या रेणूंच्या संख्येला आव्होगाड्रोचे नाव दिले, आणि २० मे २०१९ पासून मोल अधिकृतपणे केवळ एक संख्या आहे: ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात. जो शब्द न मोजता तोलण्यासाठी काढला त्याचे सगळे वजन उतरवून त्याला मोजणीचा शब्द केले.

ढीग या अर्थाचा शब्द परिमाणाला लागणे आपल्याला नवे नाही. राशी म्हणजे खळ्यावरची रास, आणि गणितातली राशीही तीच. तीन राशी माहीत असल्या की चौथी काढायची ते त्रैराशिक. मोलचे मिलिलिटर करणे हे त्रैराशिकापलीकडे काही नाही. मोलला मराठी प्रतिशब्द शोधणाऱ्यांनी कधी 'ग्रॅमरेणू' वापरला. खरे तर 'राशी' हा त्याचा नेमका सखा होता, पण ती जागा आधीच भरलेली.

पैशाचे शब्द द्रवाच्या मापात शिरल्याचे सर्वांत देखणे उदाहरण मात्र टायट्रेशनचे. फ्रेंचमध्ये 'तीत्र' म्हणजे नाण्यातल्या सोन्याचांदीचा कस. पूर्वी कस काढायचा तर चांदी मुशीत शिशाबरोबर आटवावी लागे. गे-ल्यूसाक यांनी १८३२ साली मिठाच्या पाण्याने तो काढण्याची रीत प्रसिद्ध केली: चांदी आम्लात विरघळवायची, त्यात मिठाचे द्रावण सोडायचे, चांदीचा साका खाली बसायचा थांबला की थांबायचे, आणि किती द्रावण लागले ते पाहायचे. द्रावणाची तीव्रता अशी बेतलेली, की १०० मिलिलिटरला बरोबर एक ग्रॅम चांदी. तागडी बाजूला सरली आणि चांदीचे मोल मिलिलिटरांत वाचता येऊ लागले. ज्या नळीतून हे द्रावण सोडायचे ती ब्युरेट, म्हणजे चर्चमध्ये मद्य आणि पाणी ठेवायची छोटी झारी. आणि अशा बेतलेल्या द्रावणाला 'नॉर्मल' म्हटले, त्यातला 'नोर्मा' म्हणजे सुताराचा गुण्या. मराठीने टायट्रेशनला अनुमापन म्हटले. शब्द शुद्ध आहे, पण त्यातला कस गेला.

रेणूविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वजनांची उतरंड दिली आहे ती त्रसरेणूपासून: झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तरंगताना दिसतो तो धूलिकण. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, तीन लिक्षांची राजमोहरी, तिच्या तिपटीची पांढरी मोहरी, सहा मोहऱ्यांचा जव, तीन जवांची गुंज. म्हणजे गुंजेत १२९६ त्रसरेणू. जे तोलता येत नाही ते मोजून तोलता येण्याजोगे करायचे, ही कल्पना मोलचीच. पण म्हणून मनूला आव्होगाड्रो ठरवायला धावू नये. गुंज सुमारे ०.१२ ग्रॅमची धरली आणि तेवढ्या वजनाचे पाणी घेतले, तर एकेका त्रसरेणूच्या वाट्याला ३ वर १८ शून्ये इतके रेणू येतात. शिवाय उन्हातले कण कुणी मोजले नव्हते. मराठीने मॉलिक्यूलला रेणू आणि ॲटमला अणू म्हटले, हिंदीने त्यांनाच अणु आणि परमाणु. तेव्हा हिंदी पुस्तकातल्या अणूचे गणित मराठीत आणताना अडखळायला होते. त्यात मला मराठीची बाजू बरी वाटते. रेणू हा डोळ्याला दिसणारा कण होता, अणू तर्काने मानलेला. थोरला-धाकटा हा क्रम मराठीने राखला.

मोल हा शब्द आहे तसाच राहू द्यावा, असे माझे मत आहे. घरच्या मोलाशी त्याचा घोटाळा होत नाही, आणि रत्तलापासून टंकापर्यंत इतके परके तोल पचवलेल्या भाषेला आणखी एक जड नाही. काळजी वाटते ती जुन्या मापांची. नवटाक, पळी, कुडव, रत्तल यांसारखा तोलाचा शब्द तुमच्या भागात दूध, तेल, ताक, मध किंवा ताडीसाठी वापरला जात असेल, तर तो शब्द, पदार्थ आणि गाव लिहून कळवावे. आणि ते माप घरात अजून असेल, तर त्यात काठोकाठ पाणी भरून किती मिलिलिटर भरते तेही मोजून सोबत लिहावे.